काकड्या परत द्या

बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद. माझी पहिली भाजीची बाग एवढीच होती आणि तिला मी बागच म्हणणार. घरमालकीणबाई तिला 'मागचा पसारा' म्हणायच्या. शाळेतले गुरुजी 'बाईंचे प्रयोग' म्हणायचे. एक साहेब आले होते, ते तिला आणखीच काहीतरी म्हणाले, ते पुढे सांगते. शिमगा झाला की मोखाड्यात माणसाला प्यायला पाणी नसतं, तिथे भाजी कुठून होणार, हे मला गावातल्या यच्चयावत माणसांनी ऐकवलं होतं. झाली. आम्ही ती खाल्लीसुद्धा.

पण ती बाग मी भाजीसाठी केली नव्हती. माझ्या आईने वेलावरची एक काकडी आपल्या हाताने तोडून खावी, म्हणून केली होती. हे ऐकायला खुळं वाटेल. म्हणून आधी तेच सांगून टाकते.

आम्ही जव्हारजवळच्या दाभोशाकडचे. आमच्या घराला कधी जमीन नव्हती. हात आमचे आणि जमिनी लोकांच्या. आई दहा-अकरा वर्षांची असताना तिच्या आईबरोबर एका शेतकऱ्याच्या नाचणीत निंदणीला गेली होती. नाचणीच्या कडेला काकडीचे वेल सोडलेले असतात. तिने बोटाएवढी एक कोवळी काकडी तोडली आणि तोंडात टाकली. बांधावर उभ्या असलेल्या मालकाने ते पाहिलं. तो खाली आला, तिचा जबडा धरून ती काकडी त्याने थुंकायला लावली आणि मग "तोंड उघड" म्हणून तिचं रिकामं तोंड सगळ्या बायकांना दाखवलं. वर तिच्या आईनेही तिला एक ठेवून दिली, कारण दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं तर खायचं काय?

त्यानंतर आईने पेरलेलं काहीही जागेवर खाल्लं नाही. रानातली करवंदं, आंबे, जांभळं तिने झाडाखाली उभं राहून पोटभर खाल्ली. रान कोणाचं नव्हतं. पण वाफ्यातली मिरची असो की मळ्यातला टोमॅटो, तिच्या हातात आला की तो टोपलीतच पडायचा. दिवाळी झाली की ती नाशिककडच्या मळ्यांवर कामाला जायची. दुसऱ्यांच्या भाज्या तिने आयुष्यभर तोडल्या आणि त्यातलं पानही कधी चघळलं नाही. हे सगळं ती मला हसत सांगायची. मला मात्र लहानपणापासून त्या हसण्याचाच राग यायचा.

आश्रमशाळा, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची नोकरी. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. मला मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. रोज जीपच्या मागच्या फळीवर लटकून पाड्यावर जायचं आणि तसंच लटकत परत यायचं. मोखाड्यात मी एक खोली भाड्याने घेतली. घरमालक कचेरीत कारकून होते, शेतीवाडीच्या घरातले. माणूस शांत. घरातलं बोलणं सगळं मालकीणबाईंकडे होतं.

खोली बघायला गेले तेव्हा मी मागचं दार उघडलं. मागे मुरमाड जमिनीचा एक तुकडा होता, दगडगोटे, फुटके कौलाचे तुकडे आणि एक मोडकी खाट. मी विचारलं, "काका, हे परस खोलीबरोबर आहे का?"

"आहे की. काय करणार त्याचं?"

"भाजी लावीन."

आतून मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण तुमच्या लोकांच्या हाताला रान ओळखता येतं. पेरणं हे वेगळं असतं. ते हात पिढ्यांचे लागतात."

मी राग मानला. चांगला भरपूर मानला. त्याच रविवारी सकाळपासून दगड वेचायला बसले. पिढ्यांचे हात म्हणे! त्यांच्या पिढ्यांची शेतं कोणाच्या हातांनी उगवत होती, हे मालकीणबाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं. तेव्हा मला ते सुचलं नाही. चांगली उत्तरं मला नेहमी जिन्यावरून खाली उतरताना सुचतात, आणि त्या घराला तर जिनाही नव्हता.

दगड वेचून परसाच्या कडेला रचले. वाळलेल्या ओढ्यातला गाळ पाटीपाटीने डोक्यावरून आणला. शेजाऱ्यांच्या गोठ्यातलं शेण आणि चुलीतली राख त्यात मिसळली. बुधवारच्या बाजारात एका म्हातारीकडून पुड्यांत बांधलेलं बियाणं घेतलं: माठ, भेंडी, चवळी, धणे, मिरची आणि काकडी. काकडीच्या बिया मी वेगळ्या ठेवल्या. माघ संपत आला होता. पाचवीच्या पुस्तकात वाचल्याप्रमाणे सगळं ओळीने पेरलं, आणि पुस्तकात बी किती खोल ते दिलेलं नसल्यामुळे चांगलं वीतभर खोल पेरलं.

काही उगवलं नाही, हे सांगायला नको. उगवली ती फक्त काकडी, कारण तोवर कंटाळा आला होता आणि त्या बिया मी वरवर टाकल्या होत्या.

शिमग्याला कामावर गेलेली सगळी माणसं घरी येतात. आईही आली. एरवी होळी झाली की ती पुन्हा मळ्यावर जायची. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता, म्हणून मी तिला मोखाड्याला घेऊन आले. ती आली, पिशवी ठेवली, मागचं दार उघडलं आणि माझे वाफे बघून कंबरेवर हात ठेवून हसली.

"कोणी केला हा?"

"मी."

"मास्तरीण झालीस तरी काय नाय कळत तुला."

तिने पदर खोचला. सुजलेल्या गुडघ्याचा पाय बाजूला पसरून ती जमिनीवर बसली आणि अंधार पडायच्या आत तिने सगळं परस बदलून टाकलं. माझे उंच वाफे मोडले आणि खोलगट केले, पाणी थांबावं म्हणून. उरलेलं बी बोटाच्या पेराएवढंच खाली घातलं. वर वाळलेला पालापाचोळा पसरला. कडेने करवंदीच्या काट्या रोवल्या, शेजारच्या शेळ्या होत्या म्हणून. काकडीच्या रोपांना तिने कारवीच्या काठ्यांचा बुटका मांडव केला. मी नुसती तिच्यामागे हे दे, ते दे करत फिरत होते. पिढ्यांचे हात कसे असतात ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा ती दारात उभी होती. "बाय, आज काय काम हाय?" असं तिने विचारलं. मळ्यावर मुकादमाला विचारावं तसं. मी म्हटलं, "आये, ही बाग आपली आहे. तुला वाटेल ते कर." ती "हां" म्हणाली. पुढच्या पहाटे पुन्हा दारात उभी, पुन्हा तोच प्रश्न. मी चिडायचे, समजवायचे, हात जोडायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मी काम सांगेपर्यंत ती खाली बसायची नाही.

आता पाण्याचं. मोखाड्यात तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही आलं तर. आमच्या कुंपणाला लागूनच तो सार्वजनिक नळ होता आणि तिथे हंड्यांची रांग. भेंडी उगवली त्याच्या चौथ्या दिवशीच मालकीणबाईंनी रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लोकांना प्यायला नाही आणि इथे भेंड्या न्हातायत."

मी हंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "काकू, भेंड्या न्हात नाहीत. मी न्हाते. माझं न्हालेलं पाणी भेंड्यांना जातं. विश्वास नसेल तर उद्या सकाळी बघायला या."

बायका हसल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत. पण ते खरंच होतं. मी न्हाणीचा दगड मागच्या दाराबाहेर नेऊन परसाच्या चढावर बसवला होता आणि भोवती कुडाचा आडोसा केला होता. तिथून आईने कुदळीने एक बारीक पाट काढला. आम्ही न्हायलो की पाणी पाटाने मिरचीला, मिरचीकडून भेंडीला, भेंडीकडून काकडीला. साबण बंद केला. डाळीचं पीठ लावायचं आणि शिकेकाईने केस धुवायचे. भांडी राखेने घासायची. तांदूळ धुतलेलं पाणी माठाला. नळाचा एक थेंबही थेट बागेत गेला नाही. माझ्या अंगाला तेव्हा डाळीच्या पिठाचा वास येत असे आणि मला त्याची लाज नव्हती.

आणि मग चैत्र लागला. सगळीकडे सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते, रस्त्यावरचा फुफाटा जीपमागून उठून घरात येत होता, आणि आमच्या बारा पावलांत हिरवं होतं. सकाळची शाळा असायची. बाराच्या सुमारास मी घरी यायचे, चप्पल भिरकावायचे आणि ओल्या वाफ्याच्या कडेला तळपाय टेकवून बसायचे. काहीच करायचे नाही. मिरचीचं पांढरं फूल खाली मान घालून असतं, हे मी तेव्हा पाहिलं. लाल माठ कापला की आठवड्याने परत तरारून यायचा. भेंडी आज चार बोटांची असली की उद्या संध्याकाळी जून होते, तिला वाट बघायला आवडत नाही. शेंडा मोडला आणि टच्‌ आवाज आला की समजायचं, वेळेवर आलो. कोथिंबिरीला नुसता पदर लागला तरी वास दिवसभर जायचा नाही. नाचणीची भाकरी, माठाची भाजी, वर ठेचलेली हिरवी मिरची. मी माझी भेंडी कच्चीच खायचे, तोडून, उभ्याने, मुद्दाम आईच्या समोर.

"तूही घे ना गं."

"घरात घेऊन जा. मंग खाऊ," ती म्हणायची. घरात नेऊन, शिजवून, ताटात वाढलं की खायची. तेही मी वाढलं तर.

ते साहेब याच दिवसांत आले. शाळा तपासून झाल्यावर जीप मिळेना, म्हणून चहाला खोलीवर आले. मागचं दार उघडं होतं. "वा! पोषण परसबाग!" ते म्हणाले. त्या वर्षांत जव्हार-मोखाड्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी, कुपोषणासाठी, यायचं, आणि मुंबईहून येणारी माणसं आमच्याकडे बघताना आधी आमच्या बरगड्या बघायची. साहेबांनी पिशवीतून कॅमेरा काढला. "आईंना मध्ये उभं करा. साध्याच राहू द्या, आहेत तशाच."

मी म्हटलं, "साहेब, ही पोषणासाठी नाहीये."

"मग?"

"मजेसाठी आहे."

त्यांना वाटलं मी विनोद केला. ते हसले आणि मी हसले नाही, तेव्हा त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. आजही मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. गरिबाने जीव जगवण्यासाठी भाजी लावावी, आणि मिरचीच्या फुलाकडे तासभर बघत बसायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं, हे वाटप मला कधीच मान्य नव्हतं. पोट भरलं की मजा, असा क्रम लावून बसलो असतो तर आमच्या घरात तीन पिढ्या कोणी हसलंच नसतं.

मांडवावर काकडीला पिवळी फुलं आली. मग फुलामागे करंगळीएवढ्या, काटेरी लव असलेल्या काकड्या. मी रोज मोजायचे. सात होत्या. मी आईला बजावलं, "यातली पहिली तू खायची. तुझ्या हाताने तोडून. वेलापाशी उभं राहून. मी बघणार आहे."

"बघू," ती म्हणाली.

"बघू नाही. रविवारी."

शनिवारी मी शाळेतून आले आणि सवयीने आधी मांडवापाशी गेले. वेल रिकामा. एकही काकडी नाही. मला वाटलं शेळी आत शिरली. पण काट्या जागच्या जागी होत्या आणि देठ नखाने खुडल्यासारखे स्वच्छ तुटले होते. शेळी इतकं नीट काम करत नाही.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. "काकड्या कुठे गेल्या?"

"मालकिणीला देऊन आले," ती म्हणाली. मान वर न करता, अगदी साधेपणाने. "पयली तोड मालकाची नाय का? मी बोलले, तू शाळेत हायस, तं मीच नेऊन देते. पायरीवर ठेवल्या."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. आयुष्यभर तिने वर्षातली पहिली तोड मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती. टोपली आत गेल्यावरच बाकीच्या कामाला हात लावायचा. कोणीतरी मालक असतोच, आणि पहिलं त्याचं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. इथे मालक कोण हे तिने मला विचारलंही नाही. घर ज्याचं, काकडी त्याची.

आईवर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी तशीच, पायात चप्पल न घालता, पुढच्या दाराने घरमालकांकडे गेले. सगळे जेवायला बसत होते. परातीत माझ्या काकड्या होत्या. दोन किसून झाल्या होत्या, कोशिंबिरीसाठी. पाच अख्ख्या.

"या बाई," मालकीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज चक्क गोड होता. "तुमच्या आईला रीतभात आहे हो. शिकली नसली तरी."

"काकू, काकड्या परत द्या."

त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा म्हटलं. "आईची चूक झाली. मी भाडं खोलीचं आणि परसाचं देते. काकड्या माझ्या आहेत. परत द्या."

त्यांनी परात उचलून जवळ घेतली. मग नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ऐकलंत? कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते असं! पाच काकड्यांसाठी दारात येऊन उभी राहिलीय मास्तरीण."

"हो, राजी आहे," मी म्हटलं. "काकडीलाच राजी आहे. तुमच्या घराला नाही, शेताला नाही. काकड्या द्या."

पाय चटका बसल्यामुळे एकावर एक ठेवून मी उभी होते, त्यामुळे रुबाब असा काही नव्हता. काका खाली मान घालून म्हणाले, "देऊन टाक गं." पाच काकड्या माझ्या पदरात आल्या. किसलेल्या दोन मी सोडल्या. त्यांचं काय करणार?

घरी आले तर आईचा चेहरा उतरलेला. भिंत मध्ये असली तरी तिने सगळं ऐकलं होतं. "येडी हायस का तू? घर जाईल ना आथा! दोन काकड्यांपायी कोणी मालकाशी भांडतो का?" मी काकडी तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला. "देलेल्या त्या. देलेलं परत नाय खायाचं." आमच्या दोघींचं त्या दुपारी इतकं भांडण झालं की शेवटी मी रागाने एक काकडी तिखटमीठ लावून एकटीनेच खाल्ली. देठाकडे कडू होती. बाकीच्या चार रांजणापाशी सुकून गेल्या.

आईचं म्हणणं खरं ठरलं. तीन दिवसांनी काका मागच्या दारी आले. वेलांकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण घरात रोज कटकट आहे. जूनपासून दुसरी खोली बघा."

"बघते," मी म्हटलं.

ते गेले आणि मी वळून बघते तर आई आपली पिशवी भरत होती. लुगडी, डबी, कोयता. चुलीवरची भाजी तिने खाली उतरवून ठेवली होती. मालकाने जा म्हटलं की त्याच पावली निघायचं, हे ती आयुष्यभर करत आली होती. मी पिशवी तिच्या हातातून घेतली.

"आये, त्यांनी जून म्हटलंय. जूनपर्यंत भाडं मी देते. जूनपर्यंत ही खोली आपली आहे आणि परसही. त्यांनासुद्धा आपल्याला आज काढता येत नाही."

"जा बोलल्यावर पण राहायचा?"

"जा बोलल्यावर पण राहायचं."

ती बराच वेळ खाटेवर बसून राहिली. तिला हे नवीन होतं. हाकललं तरी निघायचं नसतं, निघायची तारीख असते आणि तोवर माणूस तिथेच पाय पसरून बसू शकतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने पिशवीतून कोयता परत काढला आणि भाजी चुलीवर चढवली. त्या रात्री ती जेवताना एकदाच म्हणाली, "हाकललेल्याला आणखी कुठं हाकलतील?" ती मला विचारत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दारात उभी राहिली नाही. मी उठले तेव्हा ती परसात होती, पाटातला गाळ काढत. काय काम आहे, असं तिने विचारलंच नाही. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तरी नाही.

पुढे जूनमध्ये आम्ही ती खोली सोडली. दुसरी मिळाली, तिलाही परस होतं, त्याहून मोठं. मांडवावरची एक काकडी आईने बियाला पिकू दिली होती, त्या बिया तिने राखेत घोळून बरोबर नेल्या. मालकीणबाईंनी आमच्या वाफ्यांवर पुढे काय केलं ते मी बघायला गेले नाही. घर गेल्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. दगड मी वेचले होते. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तशीच जाईन, फक्त चप्पल घालून जाईन.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, एप्रिलमधलंच. काका येऊन गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी. वेलाला पुन्हा काकड्या धरल्या होत्या. मी आता काही बोलत नव्हते. रविवार होता आणि नळाला पाणी यायचा दिवस. कुंपणापलीकडे रांग लागली होती, पाचवा की सहावा हंडा मालकीणबाईंचा. ऊन चढलेलं. मी मागच्या दारात बसून वह्या तपासत होते.

आई आडोशातून न्हाऊन बाहेर आली. ओले केस, पदर नीट खोचलेला. ती सरळ मांडवापाशी गेली. रांगेकडे तोंड करून उभी राहिली. खाली वाकून तिने पानं बाजूला केली आणि वीतभर, कोवळी, फिकट हिरवी काकडी देठापासून खुडली. लुगड्याला पुसली. आणि चावली.

आवाज मला दारापर्यंत आला. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. आई चावत होती, सावकाश, गाल भरलेला, तोंड न झाकता. आमच्या बायका खाताना पदर तोंडाशी नेतात. तिने नेला नाही.

मालकीणबाईंनी विचारलं, "काय हो, या वेळी पायरीवर नाही आणून ठेवल्या?"

आईचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसता हात वर केला, थांबा म्हणून. आणि मालकीणबाई खरंच थांबल्या. सगळी रांग थांबली. नळ कोणाच्या तरी भरलेल्या हंड्यावरून वाहत राहिला. आईने घास पुरता चावला, गिळला, जिभेने दात साफ केले. त्यांना काहीच उत्तर दिलं नाही. दुसरा घास घ्यायच्या आधी तिने फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बसलीस काय?" ती म्हणाली. "जा, मीठ आण."

मी वह्या टाकून पळाले.